मासा, माशी आणि उसने नाव

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ भेटतो तो बहुधा ओवीच्या निमित्ताने. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात करून ठेवली आणि आपल्या बहुतेक वाङ्मयेतिहासांच्या आरंभीच्या पानांत ती जाऊन बसली. तेवढा संदर्भ टिपून घेतला की ग्रंथ मिटला जातो. त्याच ग्रंथात मल्लविनोद, गजविनोद, मृगविनोद यांच्या पंक्तीला ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे आणि ते गळाने मासे धरण्याविषयी आहे, ही गोष्ट मात्र साहित्याच्या वर्गापर्यंत सहसा पोचत नाही. ती पोचायला हवी, असे मला वाटते. माशांच्या या खेळाचा इतिहास हा बऱ्याच अंशी नावांचा इतिहास आहे. आणि नाव चुकले की केवळ शब्दकोश चुकतो असे नाही, कधीकधी एखादा मासाच नाहीसा होऊ लागतो. प्रस्तुत लेखात ही गोष्ट मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम ‘मत्स्यविनोदा’विषयी. ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिन्तामणि’ या ग्रंथाची रचना साधारण ११२९ ते ११३१ या काळातली मानली जाते. वीस-वीस प्रकरणांच्या पाच विंशती, म्हणजे एकूण शंभर प्रकरणे, अशी त्याची मांडणी असून त्यांतली चौथी विंशती विनोदांची आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेले त्याचे तीन खंड १९२५ ते १९६१ या काळात प्रसिद्ध झाले. मत्स्यविनोदाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते एका प्राणिशास्त्रज्ञाने. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानाचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणून ते पुढे आणले.

या प्रकरणात राजा माशांची वर्गवारी करतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, नुसत्या कातड्याचे कोणते, हे तो सांगतो. मग कोणत्या माशाला कोणता चारा घालावा, ठरल्या जागी चारा टाकून त्याला तिथे येण्याची सवय कशी लावावी, हे येते. आणि त्यानंतर काठी, दोरी, गळ व आमिष. उपजीविकेसाठी मासे धरणाऱ्या कोळ्याला या सगळ्याची गरज नव्हती. त्याच्यापाशी जाळे होते आणि बापजाद्यांकडून आलेली विद्या होती. हे शास्त्र लिहिले गेले ते ज्याला माशाची गरज नाही अशा माणसासाठी. ‘विनोद’ या शब्दाचा अर्थ आज मराठीत हास्यापुरता आकसला आहे. सोमेश्वराच्या काळी तो मन रमवण्याच्या कोणत्याही उद्योगाला लागू होता. मासा मारण्यापेक्षा मासा जाणण्यात राजाचे मन अधिक रमलेले दिसते, आणि माशांची नावे तर तो मोत्यांसारखी ओवत जातो.

या ग्रंथानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, १४९६ साली, इंग्लंडमध्ये गळाच्या शिकारीवरचे पहिले छापील पुस्तक निघाले. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचा ‘द कंप्लीट अँगलर’ प्रसिद्ध झाला आणि १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने त्याला माशीच्या गळावरचा भाग जोडला. इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना वॉल्टन परिचित असतो तो गद्यलेखक म्हणून. पण कॉटनने जोडलेल्या भागाचा विषय आहे एक विशिष्ट कला. ट्राउट आणि सॅल्मन या थंड पाण्यातल्या माशांना खऱ्या आमिषाऐवजी कृत्रिम माशीने फसवण्याची ती कला.

मराठीत ही गोष्ट सांगू लागले की भाषा आपोआप खेळ करते. मत्स्यापासून मासा आला, मक्षिकेपासून माशी. दोन्ही शब्द घासत घासत इतके जवळ आले की माशी ही माशाची बायको वाटावी. माशीच्या गळाचे तत्त्व असे आहे. नेहमीच्या गळात वजन टोकाशी असते. शिसे किंवा आमिष दूर भिरकावले जाते आणि दोरी त्याच्यामागे जाते. माशीच्या गळात टोकाला फक्त पिसे, केस आणि रेशमी धागा यांनी मढवलेला आकडा असतो. त्याला वजन जवळजवळ नाहीच. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. लवचीक काठीने ती दोरी मागे-पुढे झुलवत हवेत उलगडायची आणि माशी पाण्यावर अलगद उतरवायची. काही माश्या पाण्यावर तरंगतात, काही बुडतात. वाहत्या नदीत मासा एका जागी थांबतो आणि प्रवाह त्याच्याकडे किडे घेऊन येतो. तलावात प्रवाह नसतो, मासाच हिंडत असतो. त्यामुळे तो किती खोलीवर आहे याचा अंदाज घेऊन दोरी हळूहळू ओढत माशीत जीव आणावा लागतो. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातला ब्लॅग्डन तलाव मुळात ब्रिस्टल शहराच्या पाण्यासाठी बांधलेला. १९०४ साली तो ट्राउटच्या शिकारीसाठी खुला झाला आणि बांधीव जलाशयातल्या या खेळाची तिथे मोठी परंपरा निर्माण झाली.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे आणखी एक गंमत सापडेल. ट्राउटसाठी बांधलेली माशी ही अनुकृती असते. त्या ऋतूत, त्या पाण्यावर जो किडा उडतो आहे त्याची हुबेहूब नक्कल. सॅल्मन मात्र समुद्रातून नदीत अंडी घालण्यासाठी परततो तेव्हा जवळजवळ काहीच खात नाही, तरीही माशीवर झेप घेतो. ती का घेतो याविषयी आजही वाद आहेत. त्याच्यासाठी बांधलेल्या जुन्या भडक माश्या जगातल्या कोणत्याच किड्यासारख्या दिसत नाहीत. एक वास्तववादी, दुसरी निव्वळ अलंकार. आणि दोन्हींना मासा लागतो.

हा छंद घेऊन इंग्रज हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्यापुढे अडचण अशी की या देशाच्या पाण्यात ट्राउटही नव्हता आणि सॅल्मनही. ज्या कुळात हे दोन्ही मासे मोडतात त्या कुळाचा एकही मासा भारतात मूळचा नाही. मग त्यांनी दोन मार्ग धरले. पहिला मार्ग मासाच आणण्याचा. १८६० च्या दशकात फ्रान्सिस डे याने निलगिरीत ट्राउट रुजवण्याचे प्रयत्न केले. तिथे खरे यश आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून ट्राउट रुजला. पण ट्राउटला हवे असते थंड, प्राणवायूने भरलेले पाणी. दख्खनच्या उन्हात तापणाऱ्या नद्या-तलावांत तो जगणे शक्य नव्हते. सह्याद्रीच्या या टापूत मासा पोचला नाही.

तिथे दुसरा मार्ग चालला, नाव आणण्याचा. हिमालयातल्या कार्पच्या जातीच्या माशांना ‘स्नो ट्राउट’ म्हटले गेले. आपल्या नद्यांतला मोठ्या खवल्यांचा, दणकट महसीर हा शिकाऱ्यांच्या बोलण्यात हिंदुस्थानचा सॅल्मन झाला. मद्रास मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. झुंज देण्यात महसीर सॅल्मनहून सरस ठरतो असे त्याचे आग्रही मत होते. १८८७ साली त्याने हिंदुस्थानातल्या तलावांवर गळ कसा टाकावा यावरही पुस्तक लिहिले. थॉमस जाणकार होता आणि त्याची निरीक्षणे आजही वाचनीय आहेत. तथापि प्रशंसा करतानाही त्याची मोजपट्टी सॅल्मनचीच राहते. उपमान घरचे, उपमेय परके. महसीर हा सॅल्मनपेक्षा मोठा ठरला तरी सॅल्मनच्या तुलनेतच मोठा ठरतो.

किनाऱ्यावर याहून मजेदार प्रकार घडला. मुंबईच्या इंग्रजी भोजनपत्रिकांवर ज्याला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात तो आपला रावस. त्याचा ना सॅल्मनशी संबंध, ना महसीरशी. म्हणजे एकाच उसन्या नावाखाली दोन वेगळ्या कुळांतले मासे उभे आहेत, एक डोंगरी नदीचा आणि एक समुद्राचा. आणि ज्याचे ते नाव आहे तो मासा या देशात मुळी नाहीच. पेणच्या बाजारात कोळीण रावसाला रावसच म्हणते. हॉटेलाच्या पाटीपर्यंत जाईतो त्याचे बारसे दुसऱ्यांदा होते.

सगळेच इंग्रज असे नाव लादणारे होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. थॉमसच्या कितीतरी आधी, १८२४ साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. दख्खनभर फिरताना त्याने पिके, माणसे, पक्षी यांच्याबरोबर मासेही नोंदवले आणि १८३९ मध्ये व पुढे १८४१ मध्ये दख्खनच्या माशांवरचे त्याचे लेखन लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नव्या जातींना लॅटिन नावे देताना साइक्सने एक साधी गोष्ट केली. मासे धरणारे लोक काय म्हणतात ते विचारले आणि तेच नाव लॅटिनच्या शेजारी बसवले. त्यामुळे शिंगाळा हा शास्त्रातही ‘सीनघाला’ म्हणून नोंदला गेला. ‘बोगट’, ‘फुलंगी’, ‘नुक्ता’ ही नावे अशीच शास्त्रात गेली. आणि दख्खनी महसीराला मिळालेले ‘खुद्री’ हे नावही त्याच वाटेने गेले. भीमा-मुळा-मुठेच्या काठचे हे उच्चार आज जगातल्या कोणत्याही प्राणिसंग्रहालयाच्या बाटलीवर वाचता येतात. दख्खनच्या पाण्यात एक चंदेरी, वीतभरही न होणारा मासा आहे. त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘साल्मोस्टोमा बाळुकी’. पहिल्या पदात सॅल्मनचे तोंड, दुसऱ्या पदात मराठी बाळुकी. एका इवल्याशा माशाच्या नावात दोन वृत्ती शेजारी शेजारी नांदत आहेत.

नावे अशी जपली गेली तरी ती नीट वापरली जातीलच असे नाही. त्याची किंमत किती मोठी असू शकते हे पाहण्यासाठी आपल्याला लोणावळ्याला जावे लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत टाटांनी वीजनिर्मितीसाठी लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकळवाडी, मुळशी हे जलाशय बांधले. मुळशीच्या पाण्याखाली गावे गेली, १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. त्या जलाशयाचे पाणी घाट उतरून भिरा येथे वीज निर्माण करते आणि कुंडलिका नदीत पडून रोह्याकडे वाहते. धरणांनी नद्यांचे प्रवाह तुटले आणि अंडी घालण्यासाठी वरच्या अंगाला जाणाऱ्या महसीराची वाटही तुटली. १९७० च्या दशकात लोणावळ्यालाच टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात चं. वि. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी ‘टोर खुद्री’ची कृत्रिम पैदास यशस्वी केली. हे काम खरोखर मोलाचे होते. एका तुटत चाललेल्या माशाला त्याने तगवले.

परंतु त्यानंतर जे घडले त्यात भाषेचाही दोष आहे. ‘महसीर’ या एकाच शब्दाखाली कितीतरी वेगवेगळ्या जाती मोडतात. गळाच्या शौकिनाला आणि सरकारी दप्तराला हा एक शब्द पुरेसा होता. महसीर कमी झाले ना, मग महसीर सोडा. लोणावळ्याची बोटुकली देशात अनेक ठिकाणी गेली. दक्षिणेत कावेरीच्या पाण्यातही दख्खनी महसीर सोडला गेला. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता. नारिंगी परांचा, पाठीवर कुबड असलेला, थॉमसच्या काळापासून शिकाऱ्यांत गाजलेला. जगप्रसिद्ध असूनही त्याला स्वतःचे निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. बराच काळ त्याच्या अंगावर साइक्सने दख्खनच्या एका वेगळ्याच माशाला दिलेले ‘मुसुल्लाह’ हे नाव चिकटवले गेले होते. केरळातल्या पांबार नदीतून वर्णिलेला ‘टोर रेमादेवी’ आणि कावेरीचा हा कुबडा महसीर एकच आहेत, हे २०१८ मध्ये अभ्यासकांच्या एका गटाने सिद्ध केले. त्यात पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. दीडशे वर्षे कीर्ती आणि नाव मिळाले ते मरणपंथाला लागल्यावर.

हा ऱ्हास कळला कशावरून, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कावेरीकाठी गळ टाकणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या आणि पुन्हा सोडून दिलेल्या माशांच्या वह्या ठेवल्या होत्या. त्या वह्यांत नारिंगी परांचा मासा कमी कमी होत जातो आणि बाहेरून आलेला निळसर परांचा मासा वाढत जातो. विनोदासाठी मासा धरणाऱ्याने माशाकडे नीट पाहून लिहून ठेवले, म्हणून पुरावा उरला. सोमेश्वराच्या प्रकरणाची परंपरा ती हीच. खेळ निरुपयोगी असला तरी नोंद निरुपयोगी नसते.

आता कोकणाकडे वळू. कारण नाव, चारा आणि गळ यांचे नाते तिथे आणखी दोन तऱ्हांनी दिसते. रायगड जिल्ह्यातच, महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथल्या महसीरांना लोक देवीचे मासे मानतात, त्यांना खाऊ घालतात आणि गळ किंवा जाळे टाकत नाहीत. मत्स्यविनोदात राजा माशाला चारून माणसाळवतो आणि मग गळ टाकतो. वाळणकोंडात चारण्यापर्यंतचा भाग तसाच आहे, गळ तेवढा गळून पडला आहे. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या काठीही माशांना असेच अभय मिळत आले. धर्मश्रद्धेने जे काही पाण्याचे तुकडे राखले, त्यांत महसीर टिकला.

दुसरी तऱ्हा जिल्ह्याच्या उत्तर भागातली. पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान, रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कासू हे गाव आहे. तिथून पश्चिमेकडे अंबा नदी आणि धरमतरच्या खाडीच्या अंगाने खारेपाट पसरतो. बांध घालून समुद्रापासून सोडवलेली भातशेती, बांधाला जागोजाग उघाड्या, घरांशेजारी तळी. या तळ्यांचा मानाचा मासा म्हणजे जिताडा. पावसाळ्यात खाडीतून आत शिरलेली त्याची पिल्ले तळ्यात सोडायची, वाढवायची आणि पाहुणा आला की काढायची, ही इथली जुनी रीत.

या जिताड्याचे चरित्र सॅल्मनच्या नेमके उलट आहे. सॅल्मन वाढतो समुद्रात आणि प्रजेसाठी नदीत चढतो. जिताडा गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो आणि प्रजेसाठी खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. त्यातही बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. हाच मासा ऑस्ट्रेलियात ‘बारामुंडी’ म्हणून ओळखला जातो. तिथल्या क्वीन्सलंड प्रांतात तो धरणांच्या जलाशयांत मुद्दाम सोडतात आणि माशीच्या गळाने त्याला धरण्यासाठी दूरदूरचे शौकीन येतात. बारामुंडी हा शब्दही त्या भूमीच्या आदिवासी भाषेतून आलेला आहे. तिथे इंग्रजी बोलणाऱ्यांनी सॅल्मनचे नाव लादण्याऐवजी स्थानिक शब्द उचलला आणि तोच जगाच्या बाजारात रूढ झाला. आपल्याकडे मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत जिताड्यासाठीही कधी ‘बारामुंडी’ हे नाव वाचायला मिळते. खारेपाटातला मासा खारेपाटापासून शंभर किलोमीटरांच्या आत परदेशी होतो.

मराठी भाषेने गळाकडे पाहिले आहे ते मुख्यतः संशयाने. गळाला लागणे, आमिष दाखवणे, गळ टाकून बसणे, हे सगळे वाक्प्रचार फसवणुकीचे आहेत. पाण्यावाचून तळमळणारी मासोळी हे संतकवितेचे आवडते चित्र. तिथे सहानुभूती माशाची आहे, गळ धरणाऱ्याची नाही. खेळ म्हणून मासा धरण्याचे साहित्य आपल्याकडे वाढले नाही, याचे हे एक कारण असावे. मात्र सहानुभूती असली तरी ओळख असतेच असे नाही. मासोळीसाठी हळहळणाऱ्या आपल्या कवितेत किती माशांना स्वतःचे नाव आहे, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारून पाहावा. सोमेश्वराने नावे दिली ती राजाच्या करमणुकीसाठी, साइक्सने दिली ती कंपनी सरकारच्या पाहणीदरम्यान. मासे धरणाऱ्यांच्या मुखातली नावे दोन्ही वेळी कोणा दुसऱ्याच्या लेखणीने टिकली.

ही लेखणी आता मराठीच्या विद्यार्थ्याने हाती घेण्यास हरकत नसावी. बोलींचे शब्दसंग्रह करण्याचे प्रकल्प अनेक विद्यापीठांतून होतात. त्यांत नातेवाचक शब्द येतात, शेतीची अवजारे येतात, म्हणी येतात. माशांचे प्रकरण बहुधा तुटपुंजे राहते. खाडीकाठच्या एका गावात लहान जिताड्याला काय म्हणतात, मोठ्याला काय, भरतीबरोबर आत येणाऱ्या आणि ओहोटीबरोबर अडकणाऱ्या माशांना वेगवेगळी नावे आहेत का, हे विचारून लिहून ठेवायला मोठी साधने लागत नाहीत. कावेरीचा अनुभव सांगतो की ‘महसीर’ एवढा एकच शब्द पुरेसा मानला गेला, तेव्हा त्या शब्दाआड एक अख्खी जात संपत आली आणि ते लवकर ध्यानातही आले नाही. ज्या भाषेत दोन माशांना दोन नावे आहेत, तिथे एक गेला तर निदान कोण गेला हे सांगता येते.